प्लायच्या मागची वायर

"दिवसा सगळं चालतं, रात्री फ्रिज बंद पडतो." गाडीतल्या फ्रिजची तक्रार एवढीच होती. गुरुजींनी ती वहीच्या पानावर नीट लिहून आणली होती. माहूरला मध्यरात्रीनंतर बंद, औंढ्याला झोपल्यावर थोड्या वेळात बंद, परळीला रात्रभर चालू. परळीला का चालला, ते मात्र पानावर नव्हतं. मी विचारल्यावर काकू म्हणाल्या, "त्या रात्री पाऊस पडून गेला होता की, पंखा लावलाच नाही." माझं अर्धं काम त्या वाक्यानं केलं.

लातूरला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. रोजचं काम म्हणजे ट्रॅक्टरचे सेल्फ, ट्रकचे अल्टरनेटर आणि पावसाळ्यात जळालेली वायरिंग. गाडीतच झोपायची, गाडीतच स्वयंपाक करायची सोय करून फिरणारी माणसं आमच्याकडं अलीकडं दिसायला लागली. त्यातली बहुतेक गाडी आणतात ती दिव्यांची पट्टी लावायला. ही गाडी वेगळी होती.

गाडी ईको, पाच सीटची, पेट्रोलवाली. गुरुजी आणि काकूंच्या पोरानं मुद्दाम पेट्रोलचीच घेतली होती, कारण सीएनजीच्या गाडीत मागच्या सीटमागं टाकी बसते आणि झोपायची जागाच जाते. पोरगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. सुट्टीच्या दिवशी गावी येऊन त्यानं स्वतःच्या हातानं आईबापांसाठी ही गाडी तयार केली. टपावर 165 वॉटचे दोन सोलर पॅनेल, 100 अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी, बारा व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला छोटा फ्रिज, पंखा, इन्व्हर्टर. मधल्या भागात सागाच्या पट्ट्या मारलेला प्लायचा पलंग आणि भिंतींना सगळीकडून प्लाय. सुताराला लाजवेल असं काम. दिवाळीनंतर या गाडीनं नर्मदा परिक्रमा करायची असं दोघांनी ठरवलं होतं.

फ्रिज हौसेचा नव्हता. काकूंना इन्सुलिन आहे. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांतच ठेवावी लागते. गोठली तर टाकून द्यायची, तापली तर तिचा भरवसा नाही. आणि इथं वैशाखात सावलीतला पारा बेचाळिसावर जातो, बंद गाडीत किती होत असेल ते सांगायला नको. माहूरला रात्री फ्रिज बंद पडला तेव्हा काकू ओल्या फडक्यात बाटली गुंडाळून तांब्यात ठेवून बसल्या होत्या.

माझ्याकडं यायच्या आधी ते बॅटरी विकणाऱ्याकडं जाऊन आले होते. त्यानं बॅटरी बदलून दिली. नव्या बॅटरीवरही तेच झालं, तेव्हा म्हणाला फ्रिज खराब आहे. मीटर न लावता माल बदलायची ही सवय मला सहन होत नाही. गिऱ्हाइकाला वाटतं काहीतरी झालं, दुकानदाराला वाटतं पीडा गेली, आणि बिघाड होता तिथंच राहतो.

दुपारी दुकानासमोर उन्हात गाडी उभी होती तेव्हा फ्रिज मस्त चालत होता. पॅनेल वरून करंट ढकलत होते, बॅटरीच्या खांबावर, म्हणजे टर्मिनलवर, 13.9 व्होल्ट. अशा वेळी कितीही तपासलं तरी काही सापडणार नाही, कारण बिघाड रात्रीचा आहे. मग मी भरदुपारी रात्र केली. पॅनेलवर ताडपत्री टाकली, फ्रिज, पंखा, दोन्ही मोबाइल आणि दिवे सगळं एकदम लावलं. बॅटरीवर 13.1 आले. लिथियम फॉस्फेटच्या बॅटरीत हे आकडे फसवे असतात. तिचं व्होल्टेज भरलेली असताना आणि अर्धी असताना जवळजवळ सारखंच राहतं, म्हणून नुसत्या व्होल्टवरून ती किती उरली ते कळत नाही. पण माझा प्रश्न तो नव्हताच. मी मीटरच्या सुया फ्रिजच्या पिनेवर लावल्या.

11.1.

बॅटरीवर 13.1 आणि चार हातांवरच्या फ्रिजवर 11.1. दोन व्होल्ट वाटेतच गेले. क्लॅम्प मीटरवर 9 अँपिअर दिसत होते, फ्रिजचे 5, बाकी पंखा, मोबाइल आणि दिव्यांचे. पोरानं गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून फ्रिजचं संरक्षण वरच्या पायरीवर ठेवलं होतं. 11.1 च्या खाली गेलं की फ्रिज स्वतःच बंद होतो. पंखा मी बंद केला, तसा आकडा साडेअकराच्या वर गेला. परळीची रात्र समोर उभी राहिली.

फ्रिज शहाणा होता, बॅटरी चांगली होती. दोष वायरचा होता, आणि वायर प्लायच्या मागं होती.

"प्लाय काढावा लागंल," म्हटल्यावर काकू उठून गाडीजवळ आल्या. "वस्ताद, पोरानं लय जीव लावून केलंय. दुसऱ्या कुठून वायर ओढा की." वरून ओढता आली असती. फ्रिज चालला असता, ते दोघं खूश होऊन गेले असते, माझा वेळही वाचला असता. पण आतली वायर न बघता तिच्यावर दुसरी चढवायची हे मला जमत नाही. गुरुजींनी मान हलवली आणि मी स्क्रू काढायला घेतले.

आतली वायर दीड स्क्वेअरची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीची होती. बॅटरीपासून गाडीच्या खांबातून वर, टपाच्या कडेनं पुढं आणि खाली, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर. त्याच एका जोडीवर फ्रिज, पंखा, चार्जर, सगळं. तेही चाललं असतं असं नाही, पण दोन व्होल्ट जायला ते पुरत नव्हतं. म्हणून मी टोक सोललं आणि एक तार ब्लेडनं खरवडली. वरचा तांब्याचा पापुद्रा निघाला आणि खाली पांढरं दिसलं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार. रिळावर कॉपर म्हणून लिहितात, ऑनलाइन स्वस्त मिळते, रंग अगदी तांब्याचा. त्याच जाडीच्या खऱ्या तांब्यापेक्षा तिचा अवरोध दीडपटीहून जास्त असतो, वर ती हादऱ्यानं तुटते आणि लगमध्ये, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवतात त्या कडीत, सैल पडते. गुरुजींच्या हातात मी ती तार दिली. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिली. अशी वायर विकणाऱ्यांना कोणी काही विचारत नाही. चोर तिथं बसलाय आणि दुःख इथं आलंय.

इथपर्यंत हे नुसतं गैरसोयीचं प्रकरण होतं. पुढं जे दिसलं त्यानं माझा हात थांबला.

इन्व्हर्टरची जाड केबल पलंगाखालच्या पत्र्याला पाडलेल्या भोकातून गेली होती. भोकाला ग्रोमेट नव्हतं, म्हणजे ती रबरी कडी, जी दहा-वीस रुपयांत मिळते. पत्र्याची धार केबलच्या आवरणात उतरली होती. मी बोट फिरवलं तर आवरणाचा शेवटचा पातळ थर तेवढा राहिला होता. आणि बॅटरीपासून त्या भोकापर्यंत फ्यूज नव्हता. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली की शेकडो अँपिअर सोडते. आतलं बीएमएस, म्हणजे बॅटरीला जपणारं सर्किट, वीज तोडेल म्हणतात. तोडतंही. पण त्या एका सर्किटच्या भरवशावर मी कुणाला प्लायच्या पेटीवर झोपू देणार नाही. फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायरसाठी असतो, आणि तो बॅटरीच्या खांबापासून वीतभराच्या आत पाहिजे. हे पन्नासदा सांगूनही लोक तो इन्व्हर्टरजवळ लावतात.

बॅटरीची पेटी पोरानं चारी बाजूंनी फोमनं बंद केली होती. असं का, ते मला नंतर त्याच्या बोलण्यावरून कळलं. त्यानं सगळं शिकलं ते परदेशी व्हिडिओंवरून. तिथं बॅटरी थंडीत राहू नये म्हणून जपतात, कारण शून्याच्या खाली लिथियमला चार्ज देता येत नाही. आमच्याकडं शून्य कुठलं? ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, धग तळातून मागं येते, वरून टप तापतो. गाडी चालवून आणल्यावर पेटीत थर्मामीटर पन्नासाच्या पुढं गेला. एवढ्या तापल्यावर बीएमएस चार्जिंगच बंद करतं. गुरुजींच्या पानावर खाली बारीक अक्षरात होतंच, "दुपारी ऊन असूनही चार्ज होत नाही." ते त्यांना किरकोळ वाटलं होतं.

मी म्हटलं, पोराला फोन लावा, केबल कुठून कुठं नेलीय ते विचारू. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग काकू म्हणाल्या, "त्याला काही सांगू नका. आम्ही त्याला चांगलं चाललंय म्हणूनच सांगत आलोय."

म्हणजे माहूरची रात्र त्याला ठाऊक नव्हती. दर रविवारी तो फोनवर विचारायचा, फ्रिज कसाय? आणि ही दोघं सांगायची, एक नंबर. पोराच्या मनाला लागू नये म्हणून. त्याला बिघाड कळला असता तर कदाचित त्यानंच शोधला असता.

मी गप्प बसायला तयार होतो. आईबाप आणि पोरगा, त्यात मी कोण? पण गुरुजी बोलता बोलता म्हणाले की, त्याच्या कामावरच्या एका मित्राला ही गाडी इतकी आवडली, की पोरगा त्यालाही अशीच एक करून देतोय. लाकूडकाम झालंय, आता वायरिंग सुरू करणार. मित्राला लहान लेकरू आहे.

मी काकूंना सांगितलं, आता मला बोलावं लागेल. त्या काही बोलल्या नाहीत, जाऊन झाडाखाली बसल्या.

पोरानं पहिल्यांदा विश्वासच ठेवला नाही. "काका, मी पूर्ण लोड काढला होता." त्यानं फोनवर कागद पाठवला. मी तो रात्री बसून तपासला, आणि खरं सांगतो, हिशेब चोख होता. फ्रिज, पंखा, दिवे, दिवसाला हजार वॉट-तासांच्या आत. पॅनेल सपाट बसवल्यावर आणि उन्हात तापल्यावर किती कमी देतात तेही त्यानं धरलं होतं. आमच्या धंद्यातले जुने लोकही एवढं करत नाहीत. त्या कागदावर फक्त वायरची लांबी नव्हती. वीज किती लागते ते त्यानं मोजलं, ती पोचेल की नाही ते मोजलं नाही. मी त्याला तसंच सांगितलं आणि खरवडलेल्या तारेचा आणि त्या भोकाचा फोटो पाठवला. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाला, "शनिवारी येतो."

तो आला. मी त्याला बाजूला बसवून माझ्या पोरांकडून काम करून घेतलं नाही, त्यालाच लग दाबायचा हायड्रॉलिक क्रिम्पर दिला. बॅटरीच्या खांबाजवळ 100 अँपिअरचा फ्यूज, तिथून 16 स्क्वेअरची केबल फ्यूजपेटीला, पेटीतून प्रत्येकाला वेगळी लाइन. फ्रिजला 6 स्क्वेअर, अस्सल तांबं, आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटऐवजी पक्कं कनेक्शन. अर्थिंगला पत्रा घासून पांढरा केला, दातेरी वॉशर टाकला, वरून ग्रीस. लग दाबल्यावर ओढून बघायचं, हललं तर कापून नवीन. त्याची पहिली दोन मी कापली, तिसरी पक्की बसली. इंजिनाच्या अल्टरनेटरवरून त्यानं साधा रिले टाकून लिथियम चार्ज केली होती. तो रिले काढून मध्ये करंटला मर्यादा घालणारा 20 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर घातला. लिथियम मिळेल तेवढा करंट ओढते, आणि गाडी उभी राहून आयडलवर असली की अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो आणि अल्टरनेटर भाजून निघतो. फोम काढला, पेटी मागच्या दाराकडं नेली, तळातून हवा आत आणि वरून एक छोटा पंखा बाहेर. फ्रिज प्लायला चिकटून होता, त्याच्या मागं चार बोटं जागा सोडली.

मागची सीट त्यानं काढून घरी ठेवली होती. ती जपून ठेव म्हटलं, आणि पलंग सीटच्याच बोल्टवर, काढता येईल असा बसव. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलंय. विम्याच्या वेळी हीच गोष्ट आडवी येते. लोक हे कानाआड करतात.

संध्याकाळी पुन्हा ताडपत्री टाकली, सगळं लावलं. बॅटरीवर 13.1, फ्रिजवर 12.9. पोरानं स्वतः मीटर धरला होता. तो एकदा इकडं, एकदा तिकडं सुया लावून बघत राहिला.

मजुरी गुरुजींनी मोजून दिली आणि वर पेढे दिले. काकू गाडी न्यायला आल्या नाहीत. गुरुजी म्हणाले, त्यांचे गुडघे दुखतात. मला ते पटलं नाही. पोरगा त्या दिवशी आईशी काय बोलला, माहूरचं त्यानं विचारलं का, मला माहीत नाही. फोन न करताही मी ते काम करून दिलं असतं, दोघं सुखानं परिक्रमेला गेले असते, आणि पोराचा मान आईच्या मनात होता तसा राहिला असता, हे मला अजून आठवतं. मग त्या मित्राची गाडी आठवते.

ती गाडी आता माझ्या दुकानात आहे. पोरानं पुण्याहून स्वतः चालवत आणली. प्लाय अजून लावलेला नाही, सगळ्या वायरी उघड्या आहेत आणि प्रत्येकीवर त्यानं लांबी आणि जाडी लिहिलेली चिठ्ठी बांधलीय. फ्यूजपेटी कुठं बसवायची यावर आमचा वाद चालू आहे. त्याला ती पलंगाखाली हवी आहे. मी म्हणतो, रात्री अंधारात लेकराच्या बापाचा हात पोचेल अशीच पाहिजे.