डेव्हिसच्या शेजारचा वॉर्ड

रविवार, रात्र

आज दिवसभर डोक्यात जुना अमेरिकन टेनिसपटू होल्कम वॉर्ड होता. डेव्हिस कप, म्हणजे देशादेशांतली टेनिसची सांघिक स्पर्धा, म्हटलं की ड्वाइट डेव्हिस आठवतो. साहजिक आहे, चांदीचं ते भांडं त्याने स्वतःच्या पैशाने घडवून घेतलं, पुढे तो अमेरिकेचा युद्धमंत्रीही झाला. पण ऑगस्ट १९०० मध्ये बॉस्टनजवळ लाँगवुडच्या हिरवळीवर ब्रिटनविरुद्धची पाच सामन्यांची पहिलीवहिली लढत ज्या सामन्याने हातात आली तो दुहेरीचा होता. एकेरीच्या दोन विजयांनंतर डेव्हिस-वॉर्ड जोडीने ब्लॅक आणि रोपर बॅरेटला ६-४, ६-४, ६-४ असं हरवलं. वॉर्ड त्या लढतीत फक्त दुहेरीच खेळला.

पाहुण्यांच्या तक्रारी बऱ्याच होत्या. गवत वाढलेलं, नेट ढिलं, चेंडू मऊ. असेलही. पण खरी पंचाईत केली ती या दोघांच्या 'अमेरिकन ट्विस्ट' सर्व्हिसने. चेंडूला खालून वर, तिरकं घासायचं. तो हवेत एकीकडे वळतो, झपकन खाली येतो आणि टप्पा पडल्यावर दुसरीकडेच उंच उसळतो. चेंडू असा चढला की सर्व्हिस करणाऱ्याला नेटपर्यंत धावायला वेळ मिळतो, आणि दुहेरीत नेट ज्याचं त्याचा गुण.

आणि यातली गंमत म्हणजे वॉर्ड उजवा, डेव्हिस डावखुरा! एकाची उसळी बॅकहँडकडे जाते म्हणून सावरून उभं राहावं, तर पुढच्या गेममध्ये दुसऱ्याची उलट्या अंगाला.

१८९९ ते १९०१ सलग तीन वर्षं अमेरिकेचं दुहेरीचं विजेतेपद या जोडीकडे. विम्बल्डनला मात्र १९०१ मध्ये इंग्लंडच्या डोहर्टी बंधूंनी त्यांना रोखलं, आणि पुढची दोन वर्षं याच भावांनी अमेरिकेतलं विजेतेपदही उचलून नेलं. मग वॉर्डने बील्स राइटला सोबत घेऊन १९०४, ०५, ०६ अशी पुन्हा तीन विजेतेपदं मिळवली. राइटही डावखुराच! हा योगायोग असेल, पण मला तो मुळीच तसा वाटत नाही. आपल्या सर्व्हिसला काय पूरक आहे, हे या माणसाला पक्कं कळलेलं होतं.

१९०४ मध्ये विल्यम क्लोदियरला हरवून वॉर्ड अमेरिकेचा एकेरीचाही विजेता झाला. चरित्राच्या नोंदींमध्ये हे एक विजेतेपद आधी येतं, दुहेरीची सहा नंतर. मी वहीत क्रम उलटा लिहिलाय.