शेवटी खाल्लं त्यानं!

पकडून आणल्याला आज सहावा दिवस. गार्टर सापाचं (उत्तर अमेरिकेतला एक छोटा साप) पिल्लू, पेन्सिलीपेक्षाही बारीक, आणि पोटात कण नाही. जीव नुसता टांगणीला लागला होता.

चूक माझीच. दर तासाला झाकण उघडून बघायचो, हातात घ्यायचो. घेतलं की ते उग्र वास सोडायचं, म्हणजे भेदरलेलंच. भेदरलेला साप खाणार कसा? मग तीन दिवस हातच लावला नाही. लपायला झाडाची साल, पाण्याची वाटी, एका बाजूला ऊब, डब्याभोवती कापड. बस.

आज संध्याकाळी मातीतल्या साध्या गांडुळाचा तुकडा बशीत ठेवला. (कंपोस्टमधली लाल गांडुळं देऊ नका, ती या सापांना बाधतात.) तुकडा वळवळला. सालीखालून आधी जीभ आली, लाल, टोकाला काळी. दोनदा लवलवली. मग एकदम झडप! जबडा कधी डावीकडून पुढे, कधी उजवीकडून, आणि गांडूळ हळूहळू आत. नंतर जांभई दिल्यासारखं तोंड उघडून जबडा जागेवर बसवला. मी श्वास रोखून बघत होतो.

पुढे मासाही देईन, पण गोल्डफिश नाही. त्यातल्या थायमिनेज नावाच्या एन्झाइममुळे ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं.

आता दोन दिवस झाकण उघडणार नाही. पचू दे निवांत.