शत्रू कुठे विकत मिळतो?

गुरुवार, रात्री उशिरा

छोट्या शिपायांनी टेबलावर जुन्या लढाया खेळायच्या, म्हणजे वॉरगेमिंगच्या, या छंदात सैन्य विकत मिळतं, शत्रू मिळत नाही. 28 मिलिमीटरचे शिपाई डब्यातून घरी येतात. महिनोन्‌महिने दिव्याखाली बसून ते रंगवता येतात, त्यांच्यासाठी नदी, झाडं, गावकूस सगळं उभं करता येतं. पण टेबलाच्या पलीकडे उभं राहून आपल्याला हरवण्यासाठी मनापासून डोकं खाजवणारा एक माणूस लागतोच. तो नसला की उरतं ते शोकेस.

मला नॉटिंगहॅममध्ये असे शत्रू मिळाले. यात नशिबापेक्षा गावाचा वाटा मोठा आहे. असे छोटे शिपाई (मिनिएचर) बनवणाऱ्या कंपन्या या भागात इतक्या दाटीने आहेत की छंदातले लोक याला 'लेड बेल्ट' म्हणतात. शिसं आता कमी झालंय, बरंचसं काम प्लास्टिकचं, तरी नाव टिकून आहे. आमचा क्लब म्हणजे कम्युनिटी सेंटरचा हॉल. झुंबाचा वर्ग सुटला की आम्ही टेबलं जोडतो, हिरवी चादर अंथरतो आणि हॉलला घामाऐवजी चहाचा वास येऊ लागतो.

आज असईची लढाई झाली. 23 सप्टेंबर 1803, मराठे विरुद्ध इंग्रज. फाशाने मला शिंद्यांच्या कवायती पलटणी दिल्या, म्हणजे त्यांचा सेनानी, हॅनोव्हरच्या पोलमनची खुर्ची. समोर इंग्रजांचा सेनापती वेलस्ली म्हणून आमचा निवृत्त पोस्टमन. बाजू फाशाने ठरवायची पद्धत माझ्यामुळेच पडली. सुरुवातीला सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की मराठे मी घेणार. एकदा मी म्हटलं, "मला वेलस्ली व्हायचंय, तुमच्यापैकी कुणीतरी हरून बघा." मिनिटभर शांतता, मग हशा. त्यानंतर विषय कायमचा मिटला.

मी जालन्याचा. असई आमच्याच जिल्ह्यात आहे. शाळेत या लढाईवर किती ओळी शिकलो कोण जाणे, लक्षात एकही राहिली नाही. क्लबात पहिल्या दिवशी कुठला म्हणून विचारलं तेव्हा मी नेहमीसारखं 'मुंबईपासून आत' वगैरे सांगायला लागलो. पोस्टमनने जिल्हा विचारला. जालना म्हटल्यावर त्याने हातातला कप खाली ठेवला आणि विचारलं, "असईपासून किती लांब?" या देशात माझ्या जिल्ह्याचं नाव ऐकून कुणी कप खाली ठेवला, हे तोवर झालं नव्हतं. वॉटर्लू जिंकलेल्या माणसाने, म्हणजे याच वेलस्लीने, आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून पुढे असईचं नाव घेतलं होतं, हे मला त्या रात्री एका पोस्टमनकडून कळलं.

असई खेळायची अडचण अशी की गुपित सगळ्यांना माहीत असतं. वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं होतं की खेळणा नदीला जवळपास उतार, म्हणजे पायी ओलांडायची जागा, नाही. त्याने काठावर समोरासमोर दोन गावं पाहिली आणि ठरवलं की लोक येत-जात असणारच, उतार असलाच पाहिजे. तो होता. आता हे वाचलेला पोलमन तिथेच तोफा रचून बसणार, हे उघड आहे. म्हणून आमची अंपायर, शाळेत इतिहास शिकवते ती, तीन जागा ठरवते आणि खरा उतार कुठला ते बंद पाकिटात ठेवते. अंपायरची ही युक्ती जुनीच. 1824 मध्ये प्रशियाच्या तरुण राइसवित्झने लष्करासाठी युद्धखेळाचे नियम छापले, त्यातही दोन्ही बाजूंना अर्धवटच माहिती असायची आणि सगळं माहीत असलेला एक मधला माणूस. आमच्या बाईंना तो अधिकार फार मानवतो.

आजचा उतार इतिहासातल्यापेक्षा पूर्वेला निघाला. मला पलटणी वळवायला वेळ मिळाला. पोलमनने खरोखरच ऐन वेळी आख्खी फळी काटकोनात फिरवली होती, इंग्रजांना ते जमेल असं वाटलं नव्हतं. इंग्रजांची 74 वी हायलँड पलटण असई गावाच्या तोफांपुढे सापडली आणि इतिहासातल्यासारखीच विरघळत गेली. एवढ्यात पाहिलं तर पोस्टमनचे ड्रॅगून मागे तसेच उभे, आणि तो पाळी संपवायला निघालेला. मी म्हटलं, "घोडदळ?" तो दचकला, हसला, आणि तेच घोडदळ येऊन माझ्या तोफांवर पडलं.

आई हे ऐकेल तर म्हणेल, डोक्यावर पडलायस. पण हीच इथली रीत. समोरचा काही विसरला तर आठवण करायची. टेपचं माप अर्ध्या इंचावर अडलं तर त्याच्या बाजूने धरायचं. फासा पुस्तकाला टेकून तिरका थांबला तर न बोलता पुन्हा टाकायचा. चुरस स्पर्धांमध्ये असते, तिथली हवा वेगळी आणि मला ती मानवत नाही. गुरुवारी जिंकायचं असतं ते समोरच्याने आपला सगळा डाव नीट खेळल्यावर. त्याच्या विसराळूपणावर मिळालेला विजय घरी नेण्यासारखा नसतो.

आज निकाल लागला नाही. हॉलवाल्याने दहा वाजता दिवे मिचकावले.

माझ्या तोफांबद्दल लिहायचं राहिलं. त्या माझ्या नव्हेत, म्हणजे नव्हत्या. आमच्यातला एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर गेल्या हिवाळ्यात गेला. त्याच्या बायकोने क्लबला फोन केला: गॅरेजमध्ये खोकी आहेत, यातलं काय काय आहे मला कळत नाही. असे फोन येतात. छंद आता म्हाताऱ्यांचा होत चाललाय, आणि प्रत्येकाच्या घरी आयुष्यात रंगवून होणार नाहीत इतके शिपाई साठलेले असतात. अशा वेळी काय करायचं हे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. आम्ही काही रविवार त्या गॅरेजमध्ये घालवले. वर्गवारी केली, मोजलं, किंमती लावल्या, आणि छंदाच्या प्रदर्शनात जुन्या वस्तू विकायच्या 'ब्रिंग अँड बाय'च्या टेबलावर उभं राहून विकलं. पैसे तिला. आमच्यापैकी ज्याला काही हवं असेल त्याने पूर्ण किंमत देऊन घ्यायचं, आणि घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला तो मेलाय हे सांगायचं नाही.

मी मराठी तोफखाना घेतला. अर्धे गोलंदाज अजून कोरे होते. कुठल्या पागोट्याला कुठला निळा ते त्याच्या रंगांच्या बाटल्यांवरच्या चिकटपट्ट्या वाचून शोधावं लागलं. मी पूर्ण केलेले गोलंदाज पोस्टमन लांबूनही ओळखतो, म्हणतो तुझ्यांच्या भुवया रागीट आहेत. असईचे गोलंदाज तोफांखाली मेल्याचं सोंग करून पडले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून त्यांच्या पाठीवर तोफा डागू लागले. त्यासाठीचा नियमही ड्रायव्हरनेच बसवलेला: तोफ हातातून गेली की गुपचूप एक फासा टाकायचा, सहा आला तर ती गेलेली नाही. आज मला सहा आला. पोस्टमनने ड्रायव्हरच्या नावाने एक सणसणीत शिवी हासडली.

रविवार

सकाळी पाऊस. रंगवायला बसलो ते मनच लागेना, मग जुनी मासिकं चाळली.

या छंदाचा इतिहास सांगताना लोक लेखक एच. जी. वेल्सपासून सुरुवात करतात. 1913 मध्ये त्याने 'लिटल वॉर्स' लिहिलं, खेळण्यातल्या तोफांनी शिपाई पाडायचे नियम दिले. माझ्या मते या छंदाचा खरा गुण वेल्समध्ये नाही, साऊथॅम्प्टनच्या डोनाल्ड फेदरस्टोनमध्ये आहे. धंद्याने फिजिओथेरपिस्ट, दुसऱ्या महायुद्धात रणगाडा दलात होता. 1962 मध्ये त्याचं 'वॉर गेम्स' आलं आणि त्याच वर्षी त्याने 'वॉरगेमर्स न्यूजलेटर' सुरू केलं, ते 1980 पर्यंत चालवलं. त्याआधी कॅलिफोर्नियात जॅक स्क्रूबीने 1957 पासून 'वॉर गेम डायजेस्ट' काढलं होतं. या पत्रिकांतले नियम आज कुणी खेळत नाही. पण कुठल्यातरी गावात एकटाच, बायकोपासून लपवून शिपाई रंगवणाऱ्या माणसाला कळलं की पलीकडच्या गावात आणखी एक आहे. फेदरस्टोनचा दोस्त आणि टेबलावरचा शत्रू टोनी बाथ, त्याने 1965 मध्ये प्राचीन काळातल्या लढाया खेळणाऱ्यांची सोसायटी ऑफ एन्शंट्स उभी केली, ती अजून चालू आहे. आणि 2019 मध्ये ग्लासगो विद्यापीठात वॉटर्लू मांडलं गेलं तेव्हा टेबलावर वीस हजारांहून जास्त शिपाई होते. पैसे गेले वॉटर्लूच्या रणांगणावर माजी सैनिकांना घेऊन उत्खनन करणाऱ्या संस्थेला.

शिपायांच्या खेळाने माजी सैनिकांना मदत. हे थोडं विचित्र वाटतं खरं. असईत वेलस्लीची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली, आपली किती याचा धड हिशेब नाही, आणि आम्ही बिस्किटं खात फासे टाकतो. क्लबात लष्करातून आलेले दोघे आहेत. दोघेही आपण लढलेल्या युद्धाचा खेळ मांडत नाहीत, नेपोलियनपर्यंतच खेळतात. त्यांना कारण कुणी विचारत नाही. तेवढं इथे सगळ्यांना कळतं. बाकी खाजगी चौकशी शून्य. जालन्यात मित्राचा पगार, प्लॉट आणि सासुरवाडी दहा मिनिटांत कळते. पोस्टमनला मुलं किती हे मला दुसऱ्या वर्षी कळलं, पण मेलेल्या पलटणीच्या कॉलरचा रंग चुकला तर तो रात्री अकराला फोन करतो.

दुपारी बाबांशी बोलणं झालं. त्यांचा प्रश्न नेहमीचा: "ती लढाई आपण हरलो होतो ना? मग परत परत कशाला खेळता?" पण मातीचं काम त्यांनीच केलं. इथे हिंदुस्थानातली कुठलीही लढाई असो, शिपायांचे बेस, म्हणजे पायाखालच्या चकत्या, वाळूच्या पिवळ्या रंगाचे. मी म्हटलं, अरे ती काळी माती आहे, आणि सप्टेंबरात पावसाळा सरत असतो, शेतं हिरवीगार असतात, राजस्थान नव्हे ते. पोस्टमनने पुरावा मागितला. बाबा मोटारसायकलवर असईला गेले आणि नदीकाठच्या मातीचे फोटो पाठवले, मापासाठी शेजारी स्वतःची चप्पल ठेवून. पोस्टमनने ते छापून आणले. मग त्याच्या आणि माझ्या मिळून शेकडो बेसवर आम्ही काळा आणि गडद तपकिरी चढवत बसलो. अजून त्याचं म्हणणं आहे की चप्पल तपकिरी असल्यामुळे माती आहे त्याहून काळी दिसते.

पुढची लढाई अडगाव, 29 नोव्हेंबर 1803. भोसल्यांचं घोडदळ बाबा जालन्याहून फोनवर चालवणार आहेत, अंपायरने परवानगी दिली. आता अडचण वेळेची. आम्ही सातला सुरू करतो तेव्हा तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, आणि बाबा साडेनऊला झोपतात. म्हणून रविवारी दुपारी हॉल मागायचाय. त्यासाठी झुंबावाल्या बाईंशी बोलणी करावी लागतील, आणि ते काम सगळ्यांनी एकमताने माझ्यावर ढकललंय.