तुम्ही विचारलंत म्हणून : कांदा भाव बघून का नाही विकत?

लग्नात, बचत गटाच्या मीटिंगला, परवा तर एका दशक्रियेच्या जेवणातसुद्धा कुणीतरी विचारलंच, ताई, तुम्ही म्हणे कांदा तारीख ठरवून विकता, भाव बघून का नाही विकत? विचारणाऱ्याच्या मनात असतं की एक तर यांना पैशाची नड असेल नाहीतर मार्केटमधली काहीतरी आतली खबर असेल. दोन्ही नाही. दरवेळी मी दोन वाक्यात काहीतरी सांगते आणि घरी आल्यावर वाटत राहतं की नीट सांगायला पाहिजे होतं, म्हणून आज बसून लिहितेय.

आमचं गाव लासलगाव आणि येवल्याच्या मधे. अडीच एकर उन्हाळ कांदा असतो, लावणी डिसेंबर-जानेवारीत, काढणी मार्चअखेर ते एप्रिल, मग चाळ, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड. हा कांदा पाच-सहा महिने टिकतो, म्हणजे तो कधी विकायचा हे ठरवायची मोकळीक आपल्याकडे असते. टोमॅटोवाल्याला ती नसते, माल पिकला की त्याला जावंच लागतं. आम्हाला वाटायचं आपण किती नशीबवान. पण ठरवायची मोकळीक म्हणजे रोज सकाळी उठून "आज काढू का उद्या" हा प्रश्न, सहा महिने, आणि तो सोडवणार कोण तर आपलंच मन.

२०२२ चं सांगते. मे महिन्यात भाव होता साडेनऊशे रुपये क्विंटल. चाळीत आमचा २२० क्विंटल माल. आमच्या डोक्यात आकडा बसलेला दोन हजार, आणि तो कुठून आला तर आदल्या वर्षीची शेवटची गाडी २,०४० नं गेली होती, बस, दुसरं काहीच कारण नाही. शिवाय २०१९ च्या डिसेंबरात शहरात कांदा शंभर रुपये किलोच्या वर गेला होता, २०२० च्या ऑक्टोबरात परत भाव कडाडला, आणि त्या दोन वर्षी ज्यांच्या चाळीत दिवाळीपर्यंत माल होता त्यांच्या दारात ट्रॅक्टर आले, घरावर मजले चढले, ते सगळ्या गावानं डोळ्यांनी बघितलं. ज्यांचा माल थांबून सडला त्यांनी तो रात्रीचा बांधाच्या कडेला नेऊन टाकला, तो कुणी बघितलाही नाही आणि त्याबद्दल कुणी बोलतही नाही. त्यामुळे थांबलं की पैसे होतात एवढंच गावाच्या डोक्यात राहिलं.

जुलैमधे भाव तेराशेला आला. आमचे हे म्हणाले अजून सातशे बाकी आहेत. तुमच्या लक्षात येतंय का, साडेनऊशेचे तेराशे झाले असं नाही म्हणाले, सातशे बाकी आहेत म्हणाले, आणि मलाही ते अगदी बरोबर वाटलं. ऑगस्टमधे अकराशेवर उतरला तेव्हा तर विकणं अशक्यच झालं कारण तेराशे डोळ्यानं बघितलेला होता ना, आता अकराशेला दिला म्हणजे दोनशे रुपयांचा तोटा असंच मन म्हणतं.

सप्टेंबरच्या शेवटी चाळीचं दार काढलं. वरचा थर बरा होता. मधे हात घातला तर हात ओला झाला. पाणी सुटलेला कांदा, तो उग्र गोडसर वास, चिलटं, आणि वरून चांगला दिसणारा कांदा सोलला की पहिल्या पापुद्र्याखाली काळी पूड, ज्याला आम्ही काजळी म्हणतो. सहा बायका चार दिवस निवडत होत्या. खालून काढलेल्या ढिगाला कोंब आलेले. २२० क्विंटलमधले १३० विकण्यासारखे निघाले, भाव मिळाला साडेबाराशे.

आता हिशोब बघा, कारण सगळं इथेच आहे. मे मधे विकला असता तर २ लाख ९ हजार. सप्टेंबरअखेर हातात आले १ लाख ६२ हजार ५००, निवडणीची मजुरी वेगळी. आणि पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, घेऊन आल्यावर घरात बोलणं काय झालं माहितेय? चला, मे पेक्षा तीनशे तरी जास्त मिळाले. खरंच असं बोललो आम्ही. क्विंटलचा भाव वाढलेला दिसत होता, क्विंटल कमी झालेले दिसतच नव्हते. तेवढ्या मालात मे एवढेच पैसे यायला भाव १,६०० च्या वर पाहिजे होता. आणि जुलैमधे, जेव्हा आम्हाला सातशे कमी वाटत होते, तेव्हा घट धरून १९० क्विंटल तरी भरला असता, तेराशेनं २ लाख ४७ हजार होतात, म्हणजे मे पेक्षा ३८ हजार जास्त. ते पैसे समोर होते आणि आम्ही त्यांना तोटा समजत होतो.

ही वही मी मांडली तेव्हा मुलगी बीएला होती, सायकॉलॉजी घेतलेलं. तिनं बघितलं आणि म्हणाली आई हे आमच्या पुस्तकात आहे. मला आधी रागच आला, आमचा कांदा सडलाय आणि हिचं पुस्तक. पण मग तिनं सांगितलं ते मी नंतर खूप वेळा वाचून घेतलं. डॅनियल कानमन आणि ॲमॉस ट्वर्स्की, दोघं इस्रायलमधले मानसशास्त्रज्ञ, त्यांनी १९७४ मधे एक प्रयोग लिहिलाय. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवायचं, ते असं केलेलं की एक तर १० वर थांबेल नाहीतर ६५ वर, आणि मग विचारायचं संयुक्त राष्ट्रांमधले किती टक्के देश आफ्रिकेतले. चक्राचा आणि आफ्रिकेचा काहीही संबंध नाही. तरी ज्यांना १० दिसला त्यांचं मधलं उत्तर २५ आलं आणि ज्यांना ६५ दिसला त्यांचं ४५. म्हणजे आधी जो आकडा डोळ्यासमोर येतो त्याला मन खुंटीसारखं बांधून घेतं आणि मग त्याच्याच आसपास फिरतं. आमची खुंटी २,०४० होती. आणि १९७९ मधे त्याच दोघांनी दाखवलं की माणूस नफा-तोटा मोजतो तो स्वतःच मनात धरलेल्या रेघेपासून, आणि रेघेच्या खालचं दुःख वरच्या आनंदापेक्षा जड असतं, पुढच्या अभ्यासात ते साधारण दुप्पट निघालं. कानमनना २००२ मधे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ट्वर्स्की त्याआधीच १९९६ मधे वारले होते. दोघांपैकी कुणी कधी चाळ बघितली नसेल पण आमच्या घरातलं ते जुलैचं बोलणं त्यांनी शब्दाला शब्द ओळखलं असतं.

एक गोष्ट मात्र पुस्तकात नाही, आपल्या मोबाईलमधे आहे. बाजार समिती रोज तीन आकडे देते, किमान, कमाल आणि सरासरी. व्हॉट्सॲपवर फिरतो तो कमाल. तो एखाद्याच गाडीला मिळालेला असतो, एकसारखा, वाळलेला, निवडक माल, आणि आपण घरी बसून आपल्या सगळ्या चाळीला तो भाव लावतो, गोल्टीसकट, म्हणजे बारक्या कांद्यासकट. मग आपली गाडी सरासरीनं गेली की व्यापाऱ्यानं मारलं असं वाटतं. कधी मारतोही, ते मी नाकारत नाही, पण दरवेळी नाही. मी आता ग्रुपवर भाव टाकते तेव्हा फक्त सरासरी टाकते.

आता नानांबद्दल, म्हणजे आमचे सासरे, कारण खरा वाद त्यांच्याशीच झाला. नानांचं म्हणणं, पन्नास वर्ष कांदा केला, मला अंदाज येतो, तुझी वही काय सांगणार. आणि नानांना अंदाज येतो हे खरंच आहे! ते कांद्याची मान चिमटीत दाबून बघतात आणि सांगतात हा टिकेल, हा नाही टिकणार, जाड मानेचा, डेंगळे म्हणजे फुलाचे दांडे आलेला, जोड कांदा बाजूला काढतात, आणि चुकत नाहीत. मग भावाचा अंदाज का चुकतो? याचं उत्तर मला सापडलं तेव्हा फार मोठं ओझं उतरल्यासारखं झालं, कारण नाना खोटे पडावेत असं मला कधीच नको होतं. कानमन आणि गॅरी क्लाइन, हे क्लाइन म्हणजे आगीच्या बंबावरच्या अनुभवी लोकांना आतून कसं कळतं याचा अभ्यास केलेले, दोघांची मतं सुरुवातीला उलटी, पण २००९ मधे दोघांनी मिळून लिहिलं की आतल्या अंदाजावर भरवसा ठेवावा तो दोन गोष्टी असल्या तरच, एक म्हणजे त्या कामाला काही नेम पाहिजे, आणि दुसरं म्हणजे आपण चुकलो की बरोबर हे लवकर आणि पुन्हा पुन्हा कळलं पाहिजे. कांद्याच्या मानेला नेम आहे, जाड मान सडते म्हणजे सडते, आणि नानांनी ते हजारो वेळा बघितलंय. भावाला कसला नेम? राजस्थानात, मध्य प्रदेशात किती लागवड झाली, कर्नाटकातला माल कधी उतरला, पाऊस कधी पडला, आणि दिल्लीत कुणी कधी कागदावर सही केली. ऑगस्ट २०२३ मधे निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं आणि ८ डिसेंबर २०२३ पासून तर निर्यातच बंद, लिलाव थांबले, चांदवडला लोक हायवेवर बसले, आणि आदल्या दिवशी संध्याकाळी ट्रॉली भरून ठेवलेल्या माणसाला याचा पत्ता नव्हता. हे पन्नास वर्षात काय आणि शंभर वर्षात काय, कसं शिकणार? नानांच्या हाताला कांदा कळतो, भाव कुणाच्याच हाताला कळत नाही. हे मी त्यांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले बरं, चाळीतलं मी बघतो.

त्या बंदीनंतर महिनाभर गावात प्रत्येक जण म्हणत होता मला माहीतच होतं, पुढं निवडणूक आहे, बंदी येणारच. माहीत होतं तर ट्रॉली का भरून ठेवली होती. पण ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं आठवत होतं, आणि हे मी खात्रीनं सांगते कारण आमच्याच घरात तसं झालं. वहीत आम्ही जूनमधे सगळ्यांचे अंदाज लिहितो, एक सप्टेंबरला सरासरी काय असेल, प्रत्येकाचा आकडा आणि पुढे कारण. सप्टेंबरमधे वही न उघडता विचारलं तू काय लिहिलं होतंस. चौघांपैकी तिघांनी जो आकडा सांगितला तो लिहिलेल्या आकड्यापेक्षा खऱ्या भावाच्या जवळचा होता, त्यात मी पण. बारूक फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी १९७५ मधे हेच छापलंय, निक्सन १९७२ मधे चीनला आणि रशियाला जायच्या आधी लोकांकडून अंदाज घेतले आणि नंतर विचारलं तेव्हा काय म्हणाला होतात, तर जे घडलं त्याची शक्यता आपण खरं तर सांगितली त्यापेक्षा जास्त सांगितली होती असं बऱ्याच लोकांना आठवत होतं. म्हणूनच मग आपण चुकीतून शिकत नाही, कारण आपल्या लेखी चूक झालेलीच नसते.

तर तारखेचं असं. आधी मला वाटलं भाव ठरवून टाकू, अठराशे आला की विकायचा. पण भाव सतराशेवर आला की अठराशे कमी वाटायला लागतो, आकडा पुढे सरकतो, हे आम्ही दोनदा केलं. तारीख सरकत नाही. म्हणून माल तीन भागात, पहिला काढणीनंतर लगेच, त्यात सोसायटीचं, म्हणजे गावच्या कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचं, देणं आणि मजुरी सुटते, दुसरा पोळ्याच्या आधी, तिसरा दिवाळीच्या तीन आठवडे आधी. तारखा एप्रिलमधेच लिहायच्या, कारण तेव्हा डोकं शांत असतं. आणि एकच गोष्ट तारीख अलीकडे आणू शकते, ती म्हणजे कांदा स्वतः. चाळीत एक कॅरेट, म्हणजे प्लॅस्टिकचं क्रेट, मे मधे २० किलो कांदा मोजून ठेवलेलं असतं, दर पंधरा दिवसांनी ते वजन करायचं, आणि मे चा भाव गुणिले २० भागिले आजचं वजन, हा आकडा दारावर खडूनं लिहायचा. साडेनऊशेचा कांदा १६ किलोवर आला की दारावर ११८८ लागतो. बाजारात तेवढा भाव नसेल तर थांबून आपण कमावलेलं काही नाही, हे दार उघडताना दिसतं. कॅरेटमधे दोन किलोच्या वर खराब निघाला तर तारखेची वाट बघायची नाही, नाना सांगतील तो थर आधी काढायचा.

आता लोक लगेच विचारतात की यात जास्त मिळतात का. खरं सांगते, दरवर्षी नाही. २०२३ मधे ऑक्टोबरच्या शेवटी भाव एकदम उसळला आणि तोपर्यंत आमचा तिन्ही भागांचा कांदा गेलेला होता. वाईट वाटलं, दोन रात्री झोप नीट लागली नाही. आमचे हे म्हणाले तारीख महिनाभर पुढे घ्यायला पाहिजे होती, आणि मला माहीत होतं की हे जुलै २०२२ चंच बोलणं आहे, फक्त उलट्या बाजूनं आलेलं. पण चाळीतलं सडकं निवडायला त्या वर्षी कुणाला लावावं लागलं नाही, आणि रोज सकाळी मोबाईल हातात घेऊन आम्ही दोघं जे एकमेकांवर चिडायचो ते थांबलं. त्याचा भाव मी लावू शकत नाही पण तो धरल्याशिवाय हिशोब पुरा होत नाही.

यंदा जूनमधे अंदाज लिहायला बसलो तेव्हा नाना आतून आले. तीन वर्ष त्यांनी आकडा सांगितला नव्हता, मला काय विचारता म्हणायचे. या वेळी खुर्ची ओढून बसले, चष्मा लावला, म्हणाले माझा पण लिही. मी पेन्सिल घेतली तर म्हणाले पेनानं लिही, नंतर कुणाला खोडता येऊ नये, मला पण.