अरवनाचं खळं कितीला गेलं?

शनिवारी रात्री सव्वाअकराला बंगळूरहून भाच्याचा फोन. "मामा, झोपलास काय? पन्नास की सहाशे, एवढं सांग की."

झोपलो नव्हतो, पण पन्नास आणि सहाशे कशाचे हे कळेना. फोनमध्ये मागं कुणीतरी इंग्रजीत तावातावानं बोलत होतं, आणि तो आवाज ओळखीचा निघाला. आमच्याच चर्चच्या मंडळीतला पोरगा, रविवारच्या शाळेत मुलांना दाविद-गल्याथ शिकवतो तो. माझा नास्तिक भाचा बंगळुरात, हा इथं बेळगावच्या कॅम्पात, दोघं इंटरनेटवर समोरासमोर, आणि ऐकायला कुठली कुठली शंभरेक माणसं. विषय: बायबलमध्ये विसंगती आहे की नाही.

हा पोरगा स्वतःला अपॉलॉजिस्ट म्हणवतो. मंडळीतल्या एका आजींना वाटलं होतं, बाळ नम्र आहे, सगळ्यांची माफी मागत फिरतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कोर्टात बाजू मांडणं असा आहे हे मीच त्यांना सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "देवावर केस कुणी घातली?"

तर खटला असा. दाविद राजानं लोकांची शिरगणती केली, देव कोपला, मरी पसरली. ती थांबावी म्हणून दाविदानं एका यबूशी जमातीच्या माणसाचं खळं विकत घेतलं आणि तिथं वेदी बांधली. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, २४व्या अध्यायात, खळं आणि बैल मिळून किंमत ५० शेकेल चांदी (शेकेल हे तेव्हाचं वजन). इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात, २१व्या अध्यायात, त्याच जागेचे ६०० शेकेल सोनं. मालक एकीकडे अरवना, दुसरीकडे अर्णान. गणतीत इस्राएलाचे लढवय्ये एकीकडे आठ लाख, दुसरीकडे अकरा लाख. आणि गणती कर असं दाविदाच्या मनात कुणी भरवलं? शमुवेल म्हणतो परमेश्वरानं, इतिहास म्हणतो सैतानानं.

भाच्यानं मलाच का विचारलं, तर माझा धंदा. मी मोडी कागद वाचून देतो. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, त्यामुळं या भागातल्या मराठी गावांचे जुने कागद मोडीत, नंतरचे कानडीत. वाटणीचा दावा लागला की खानापूर, निपाणीकडची माणसं पिशवीत कागद घालून माझ्याकडं येतात. मोडी मी वडिलांकडून शिकलो आणि बायबलही त्यांच्याकडूनच. दोन्ही वाचताना ते बोट ठेवायला लावायचे.

त्यामुळं अरवना की अर्णान यावर भाच्यानं घालवलेली दहा मिनिटं मला फुकट वाटली. माझ्याकडं एकच माणूस १९११ च्या कागदात रामू, १९३० च्या कागदात रामजी आणि कानडी उताऱ्यात रामप्पा होऊन येतो. तो मेलेला असतो, त्याची तक्रार नसते. आकड्यांचंही असंच. एका घराण्याकडं एकाच शेताचे दोन कागद होते, एकात तीन एकर बारा गुंठे, दुसऱ्यात तीन एकर एकवीस. दोन भाऊ त्या नऊ गुंठ्यांवरून सहा वर्षं बोलत नव्हते. माझ्या मते नक्कल करणाऱ्यानं एक आणि दोन उलटे टाकले होते. शेत जागेवर होतं. सीमाभागाच्या आमच्या वादात तरी काय वेगळं आहे? कुणी ८१४ गावं म्हणतो, कुणी ८६५. आकडे दोन आहेत म्हणून वादच नाही, असं आजवर कुणी म्हणालेलं नाही.

पण पन्नास आणि सहाशे ही नक्कल करणाऱ्याची चूक वाटत नाही. चांदीचं सोनं हात घसरून होत नाही.

पोराचं उत्तर तयार होतं. पन्नास शेकेल फक्त खळ्याचे आणि बैलांचे, सहाशे सगळ्या टेकडीचे. दोन व्यवहार. ऐकणाऱ्यांतल्या कुणी 'आमेन' म्हटलं असणार. मला मात्र दचकायला झालं, कारण असली उत्तरं मी आयुष्यभर ऐकतोय. दोन कागद जुळत नाहीत म्हटलं की पक्षकार म्हणतो, "मधी अजून एक व्यवहार झाला असंल की." कागद कुठाय? "असंल कुठंतरी." जो कागद फायलीत नाही तो मी वाचू शकत नाही.

भाचा या प्रश्नावर आपण पहिलेच पोचलो अशा थाटात बोलत होता. ते तितकंच चुकीचं. ताल्मुद या ज्यूंच्या जुन्या ग्रंथातल्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, हे पन्नास आणि सहाशे केव्हाच समोरासमोर ठेवलेत. त्यांचा हिशोब असा की इस्राएलाच्या प्रत्येक वंशाकडून पन्नास, बारा वंशांचे सहाशे. हिशोब पटो न पटो, दोन आकडे आहेत हे त्यांनी लपवलं नाही. शास्त्रात दोन्ही पुस्तकं ठेवणाऱ्यांना वाचता येत होतं.

मला स्वतःला वाटतं ते सांगतो. इतिहासाची पुस्तकं लिहिणारा बाबेलच्या बंदिवासानंतरचा, म्हणजे ज्यूंना कैद करून बाबेलला नेलं त्यानंतरचा, शमुवेलाच्या बराच मागाहूनचा. त्याच्या दृष्टीनं ते नुसतं खळं नाही, दाविदाच्या मुलाचं, शलमोनाचं मंदिर जिथं उभं राहिलं ती जागा आहे. दुसऱ्या इतिहासाच्या तिसऱ्या अध्यायात तो तसं स्पष्ट लिहितो. अशी जागा पन्नास शेकेलांत, आणि वर बैल! शिवाय त्याचा दाविद "पुरी किंमत" देतो म्हणतो, आणि हेच शब्द उत्पत्तीच्या २३व्या अध्यायात अब्राहाम बायकोच्या, सारेच्या कबरीसाठी गुहा मागताना वापरतो. अब्राहामानं ४०० शेकेल चांदी मोजली होती. मंदिराची जागा कबरीपेक्षा स्वस्त कशी चालेल? आमच्याकडं मुद्रांक शुल्क वाचवायला खरेदीखतात आकडा कमी घालतात, यानं मानापोटी चढा घातला. हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही.

आणि हा अंदाजही सावधपणे. १९५२ मध्ये मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या चौथ्या गुहेत शमुवेलाची एक जुनी गुंडाळी सापडली. तिच्यात याच अध्यायात आकाश आणि पृथ्वी यांच्या मधोमध उभ्या देवदूताचं वाक्य आहे. आपल्या छापील शमुवेलात ते नाही, इतिहासात आहे. म्हणजे इतिहासकारानं सगळंच पदरचं घातलं असं नाही, त्याच्या हाताशी शमुवेलाची निराळी नक्कल असणार. हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मी जेवायचं विसरलो होतो. मोडीवाल्याला असली वेडं असतात.

हे असलं वादात बोललं तर दोन्हीकडून शिव्या. भाच्याला नक्कल नको, विसंगती पाहिजे; पोराला नक्कल नको, निर्दोष ग्रंथ पाहिजे. पोराच्या तोंडी बायबलच्या निर्दोषपणावरचं १९७८ चं शिकागोचं निवेदन सारखं येत होतं. त्यातही ईश्वरप्रेरणा काटेकोरपणे मूळ हस्तलिखितांपुरतीच मानली आहे, आणि मूळ हस्तलिखित आज कुणाकडंच नाही. माझ्या धंद्यात याला 'अस्सल गहाळ' म्हणतात.

असल्या भांडणांना आमचं गाव नवखं नाही म्हणा. ख्रिस्ती झालेले मराठी लेखक बाबा पदमनजी बेळगावचेच, १८३१ चा जन्म, १८५४ मध्ये इथंच बाप्तिस्मा झाला आणि पुढं जन्मभर धर्माच्या वादात लेखणी चालवली. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी लोकांसमोर वाद घालत होते. तिथं निदान वारा तरी असेल. इथं दोघंही खोलीचं दार लावून, कानात वायर घालून.

फोन चालूच होता. भाचा म्हणाला, "मामा, तुला बोलायला देतो. आवाज येतोय सगळ्यांना." मी म्हटलं, मला इंग्रजी झेपत नाही, मराठीत बोलतो. बोललो ते एवढंच, की दोन कागद ताडताना वडील मला आधी जुळणारे आकडे वाचायला लावायचे. या दोन अध्यायांत किंमत जुळत नाही, गणती जुळत नाही, शिक्षा निवड म्हणून देवानं दाविदापुढं ठेवलेला दुष्काळ एकीकडं सात वर्षांचा, एकीकडं तीन. पण एक आकडा दोन्हीकडं तंतोतंत तोच आहे. मरीत मेलेले लोक. सत्तर हजार. राजानं मोजणी केली, मेली रयत. दाविद स्वतःच विचारतो, पाप मी केलं, या मेंढरांनी काय केलं? त्यावर तुम्ही दोघं पाऊण तास झाला, काही बोलला नाहीत.

पलीकडं शांतता. मग भाचा म्हणाला, "हा तर माझा मुद्दा होता," आणि पोरगा म्हणाला, "अंकल, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं?"

सोमवारी सकाळी तो पोरगा घरी आला. हातात मराठी बायबल, त्यात दोन ठिकाणी बसची तिकिटं खुणेला घातलेली. मागच्या वर्षी असाच एक प्रश्न मी शास्त्राभ्यासात विचारला तेव्हा शिकवणाऱ्यानं मला सगळ्यांसमोर गप्प बसवलं होतं, आणि हा पहिल्या रांगेत बसून हसला होता. ते मी काढलं नाही. चहा ठेवला.

"सत्तर हजारांचं काय सांगायचं, अंकल?"

"मला माहीत नाही."

तो उठेल असं वाटलं होतं. त्यानं बायबल उघडून माझ्याकडं सरकवलं. मी म्हटलं, तूच वाच, माझा चष्मा आत आहे. पहिल्या ओळीपासून वाच, आणि बोट ठेव.