माळावर आणि गडावर: खिशातला कॅमेरा निवडताना

छोटा कॅमेरा घ्यायला गेलं की दुकानदार दोन आकडे पुढे करतो: किती मेगापिक्सेल आणि किती एक्स झूम. दोन्ही जरा बाजूला ठेवा. आधी हे बघा की तुमच्या मोबाइलला काय जमत नाही. नळदुर्गच्या बुरुजावरून दिसणारी बोरी नदी, हिप्परगा तलावावरचा सूर्यास्त, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा ही कामं आजचा बरा मोबाइल चोख करतो, त्यासाठी वेगळा खर्च कशाला? तो हात टेकतो ते दोन ठिकाणी, फार लांबचं आणि फार जवळचं. म्हणजे सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरचा धाविक पक्षी किंवा कासच्या सड्यावरचं नखाएवढं फूल. या दोन्हींना एकच छोटा कॅमेरा सारखाच चांगला, असं सहसा होत नाही. तेव्हा आधी ठरवा, आपण पक्षीवाले की किडा-फुलवाले.

पक्षीवाल्यांनी एक हिशेब पाठ करावा. ३५ मिमीच्या (जुन्या फिल्मच्या) मापातली फोकल लेंथ घ्या, म्हणजे लेन्स लांबचं किती जवळ आणते तो मिमीतला आकडा. पक्ष्यापर्यंतच्या अंतराला ३६ने गुणा आणि त्या फोकल लेंथने भागा. येतं ते फ्रेमच्या रुंदीत मावणारं दृश्य. धाविक साधारण २६ सेंमी लांब. तो २० मीटरवर उभा असेल, तर २०० मिमीला फ्रेम ३.६ मीटर रुंद होते आणि पक्षी तिचा जेमतेम ७ टक्के भाग व्यापतो. ३६० मिमीला १३ टक्के, ७२० मिमीला २६ टक्के. एक्सचा आकडा यातलं काहीच सांगत नाही, तो फक्त शेवटच्या फोकल लेंथला पहिलीने भागून येतो. २४ ते ७२० म्हणजे ३० एक्स, बस्स.

मग ७२०वालाच घ्यावा की! थांबा, झूमची किंमत उजेडात मोजावी लागते. सोनीच्या एचएक्स९९मध्ये २४ ते ७२० मिमी आहे, वजन २४२ ग्रॅम. पण सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, १/२.३ इंचाचा, क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मिमी, आणि टोकाला अ‍ॅपर्चर एफ/६.४ (उजेड आत घेणारं लेन्सचं भोक; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं). सोनीच्याच आरएक्स१०० मार्क ७मध्ये १ इंची सेन्सर, ११६ चौरस मिमी. झूम २०० मिमीवरच संपतो, पण तिथे एफ/४.५ मिळतो आणि वजन ३०२ ग्रॅम. आपापल्या टोकाला दुसऱ्याच्या सेन्सरवर एकूण उजेड सुमारे आठपट पडतो: चौपट क्षेत्रफळामुळे, दुप्पट अ‍ॅपर्चरमुळे.

हा फरक कधी भोवतो? भर उन्हात आयएसओ (कमी उजेडातही फोटो उजळ करणारा आकडा) १०० ठेवला तरी एफ/६.४ला साधारण १/६४० सेकंदाचा शटर मिळतो, बसलेल्या पक्ष्याला पुरे. पण माळावर हालचाल असते ती सूर्य नुकताच वर आला असताना. तेव्हा उजेड याच्या सोळाव्या भागाइतका असू शकतो, म्हणजे त्याच शटरसाठी आयएसओ १६००. छोट्या सेन्सरवर १६००ला पिसांचा लगदा होतो. शटरचा वेग खाली आणावा तर पक्षी मान हलवतो. स्टॅबिलायझर तुमचा हात सावरतो, पक्ष्याची मान नाही.

आता उलटी बाजू, ही सहसा कुणी सांगत नाही. १ इंचीवर २०० मिमीला काढलेला फोटो कापून ७२०इतका जवळ आणलात, तर २० मेगापिक्सेलमधले दीड उरतात आणि सेन्सरचा वापरलेला भाग ९ चौरस मिमीवर येतो. म्हणजे चांगल्या उन्हात, लांबच्या पक्ष्यासाठी छोट्या सेन्सरचा लांब झूमच जिंकतो. आमचं मत विचाराल तर या दोघांमधला मार्ग पॅनासॉनिक टीझेड२००चा: १ इंची सेन्सर, २४ ते ३६० मिमी, ३४० ग्रॅम. टोकाला एफ/६.४ आहे, हे मात्र सोसावं लागतं. उडता पक्षी टिपायचा हट्ट असेल, तर खिशातले कॅमेरे विसरा. नायकॉन पी९५० २००० मिमीपर्यंत जातो, पण तो किलोभराचा आहे. ट्रेकच्या सॅकमध्ये तो दोन लिटर पाण्यातल्या एका लिटरची जागा खातो, आणि आपल्याकडे ती जागा पाण्याचीच हवी.

आणखी एक. दहानंतर माळ तापला की जमिनीलगतची हवा थरथरते. शंभर मीटरवरचं काळवीट ७२० मिमीला पाण्यात बुडाल्यासारखं दिसतं. हा दोष लेन्सचा नाही आणि कुठल्याच कॅमेऱ्याने तो जात नाही. पहाटे जा, नाहीतर जवळचं काढा.

व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नसलेला कॅमेरा सोलापूरकराने घेऊच नये, असं आम्ही जरा ठासून सांगतो. इथल्या उन्हात मागची स्क्रीन काळी पाटी होते. वर सांगितलेल्या तिन्ही छोट्यांत तो आहे. डोळ्याला लावला की कॅमेऱ्याला कपाळाचाही टेकू मिळतो आणि लांब झूमला हात कमी हलतो.

किडा-फुलवाल्यांचं काम सोपं. ऑलिंपसचा टफ टीजी-६ किंवा ओएम सिस्टमच्या नावाने आलेला टीजी-७ बघा. सेन्सर छोटाच, पण लेन्सच्या काचेपासून १ सेंमीवर फोकस होतो, आणि वेगवेगळ्या फोकसचे फोटो कॅमेरा स्वतःच एकत्र करतो. मुंगीचे डोळे, बुरशीची छत्री, सोनकीच्या फुलातला पराग या पट्ट्यातलं सगळं त्यात येतं. १५ मीटर खोल पाण्यात चालतो, तेव्हा नळदुर्गचा नर-मादी धबधबा वाहत असताना तुषारांत बेलाशक काढा. उणिवाही ऐका: व्ह्यूफाइंडर नाही, सगळं हाताने ठरवायचा पूर्ण मॅन्युअल मोड नाही, फक्त शटरचा वेग ठरवायची सोय (शटर प्रायॉरिटी) ही नाही. इतक्या जवळून काढायचं तर स्क्रीनवर हाताची सावली धरता येते, म्हणून वरच्या नियमाला हा अपवाद.

टीजीचा खरा फायदा पाण्याहून धुळीत आहे. त्याचा झूम शरीराच्या आतच फिरतो. बाकीच्या कॅमेऱ्यांची लेन्स नळकांड्यासारखी पुढे येते आणि प्रत्येक वेळी बाहेरची हवा आत ओढते, सायकलच्या पंपासारखी. मुरमाची पांढरी धूळ किंवा फेब्रुवारी-मार्चातल्या ज्वारीच्या मळणीचा भुसा त्या हवेबरोबर आत जातो. जाड कण नळकांड्यांच्या फटीत अडकतो आणि लेन्स अर्ध्यात थांबते. बारीक कण सेन्सरवर बसतो, आणि लेन्स निघत नसल्याने तो घरी पुसता येत नाही, कॅमेरा उघडावा लागतो.

उपाय साधे आहेत. वारा असेल तर कॅमेरा अंगाच्या आडोशाला धरून चालू करा. दर फोटोला चालू-बंद करू नका, लेन्स जितकी कमी आत-बाहेर तितकं बरं. चेनचा पाऊच सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला लावा, पँटच्या खिशात धूळ आणि कापडाचे तंतू दोन्ही असतात. हवा रबरी ब्लोअरनेच मारा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आणि तेल असतं. आणि आपला सोलापुरी टॉवेल कितीही मऊ असो, काचेला लावू नका, तो धागे सोडतो.

बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ० ते ४० अंश असं असतं. एप्रिल-मेमध्ये सोलापूर ही मर्यादा सावलीतच ओलांडतं. फोटोंना फारसा त्रास होत नाही, लांबलचक ४के व्हिडिओ मात्र मध्येच बंद पडतो. उन्हातल्या बंद गाडीत कॅमेरा ठेवू नका, बॅटरी फुगते. पावसाळ्यात सह्याद्रीत उलटा प्रश्न: एसी बसमधून थेट ढगात उतरलात तर काचेवर बाष्प धरतं. उतरण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि अर्ध्या तासाने काढा. परतल्यावर हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवा, नाहीतर बुरशी.

आरएक्स१०० मार्क ७ची बॅटरी कागदावर २६० फोटोंची आहे. झूम सारखा हलवला तर त्याहून कमी. दोन दिवसांच्या ट्रेकला दोन जादा बॅटऱ्या घ्या, किंवा पॉवर बँक आणि योग्य केबल. केबल आधी तपासा, आरएक्स१०० मार्क ७ला जुनी मायक्रो यूएसबी लागते आणि गडावर ती कुणाकडे मिळत नाही.

यातले काही कॅमेरे बहुधा जुनेच हाती येतील. तेव्हा दुकानातच झूम दहा वेळा आत-बाहेर करा, कान लावून करकर ऐका. मग एफचा आकडा सर्वांत मोठा ठेवून, झूमच्या दोन्ही टोकांना मोकळ्या आभाळाचा एकेक फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघा. करडे ठिपके दिसले तर ती आतली धूळ. बॅटरी सपाट टेबलावर ठेवून बोटाने फिरवा. भोवऱ्यासारखी फिरली तर ती फुगली आहे. खालचे स्क्रू खरवडलेले असतील तर कॅमेरा आधी कुणीतरी उघडलेला आहे, तो तिथेच ठेवून या.