लाटेकच्या पीडीएफमध्ये मराठी शब्द का सापडत नाही?

पवईच्या आयआयटीत किंवा कलिन्याला मुंबई विद्यापीठात लाटेकमध्ये (साध्या मजकुरात आज्ञा लिहून त्यावरून पीडीएफ बनवणाऱ्या प्रणालीत) प्रबंध लिहिणाऱ्यांपैकी ज्यांच्या मजकुरात मराठी उतारे असतात, त्यांना हे हमखास भेटतं. पीडीएफमध्ये ‘विद्यार्थी’ डोळ्यांसमोर दिसतोय, पण कंट्रोल-एफ करून शोधला तर सापडत नाही.

पीडीएफमध्ये फॉन्टमधल्या आकृत्या साठवलेल्या असतात. ‘वि’ची वेलांटी ‘व’च्या आधी काढली जाते, ‘द्य’ची एकच जोडाकृती होते, ‘र्थी’तला रफार ‘थ’नंतर डोक्यावर बसतो. व्ह्यूअर त्या आकृत्यांवरून उलट अक्षरं जुळवायला जातो आणि क्रम चुकतो. झीलाटेकमध्ये, म्हणजे युनिकोड फॉन्ट वापरू देणाऱ्या लाटेकच्या अवतारात, यावर उपाय आहे: उलट्या तिरक्या रेघेनंतर ‘झीटेक’, ‘जनरेट’, ‘ॲक्च्युअल’, ‘टेक्स्ट’ हे शब्द रोमनमध्ये सलग लिहून (‘झीटेक’ची मोठी-लहान अक्षरं त्याच्या नेहमीच्या रूपात, बाकी सगळी लहान) किंमत एक ठेवायची. मग मूळ मजकूरही पीडीएफमध्ये नोंदला जातो. लुआलाटेक हा तसाच दुसरा अवतार वापरत असाल तर फॉन्टचा रेंडरर (आकृत्या जुळवणारा भाग) हार्फबझ ठेवा. मात्र काही व्ह्यूअर ही नोंद वाचत नाहीत.

म्हणून माझा आग्रह असा: मराठी शब्द सोर्समध्येच, म्हणजे तुम्ही लिहिलेल्या लाटेकच्या फाइलीतच शोधा आणि तिथून सिंकटेकने (सोर्सची ओळ आणि पीडीएफमधली जागा जोडणाऱ्या सोयीने) पानावर उडी मारा. टेकस्टुडिओ या संपादकात सोर्समधल्या शब्दावर कंट्रोल धरून क्लिक केलं की पीडीएफ त्या जागी सरकते. पीडीएफवर तसंच क्लिक केलं की सोर्सची ओळ उघडते. व्हीएस कोड या संपादकाच्या लाटेक वर्कशॉप या जोडणीत जाताना कंट्रोल-ऑल्ट-जे, परतताना कंट्रोल-क्लिक. ओव्हरलीफ (ब्राउझरमधला संपादक) आणि सुमात्रा (विंडोजवरचा पीडीएफ व्ह्यूअर) यांत पीडीएफवर डबल-क्लिक पुरतं.

उडी भलतीकडे पडते त्याची कारणं ठरलेली आहेत. सिंकटेक ओळीचा क्रमांक नोंदवतं, ओळीतला शब्द नाही. अख्खा परिच्छेद एकाच लांबलचक ओळीत असेल तर तुम्ही परिच्छेदाच्या सुरुवातीला जाऊन पडता. एका ओळीत एक वाक्य लिहा. पानावरच्या मांडणीत काहीच फरक पडत नाही, उडी मात्र नेमकी होते. ही सवय एकदा लागली की सुटू नये इतकी उपयोगी आहे. फोल्डरचं नाव बदललं, तर जुने पत्ते सिंकटेकच्या फाइलमध्ये तसेच राहतात. पुन्हा कंपाइल करा, म्हणजे पीडीएफ नव्याने बनवा. टर्मिनलवरून कंपाइल करत असाल तर सिंकटेकचा पर्याय स्वतः द्यावा लागतो, टेकस्टुडिओ तो आपणहून देतो. आणि विंडोजवर ॲक्रोबॅटमध्ये पीडीएफ उघडी असेल तर ती कुलूपबंद राहते, नवी लिहिलीच जात नाही. सुमात्रा कुलूप लावत नाही.

सोर्समध्येही मराठीचा एक चकवा आहे. ‘वाऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र्’नंतर न दिसणारं जोडचिन्ह (झिरो-विड्थ जॉइनर) टाकून. दिसायला दोन्ही सारखेच, शोधायला वेगळे. ‘ॲ’चंही तेच: स्वतंत्र अक्षर म्हणून एक, ‘अ’वर चंद्र चढवून दुसरं. दोघांनी मिळून लिहिलेल्या प्रकरणांत हे फार होतं, कारण फोनचा आणि लॅपटॉपचा कीबोर्ड वेगळा असतो. न सापडणारा शब्द हाताने टाइप करू नका, मजकुरातून कॉपी करून शोधाच्या खिडकीत टाका. मग व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एचने सगळ्या फाइलींत एकच रूप करून घ्या, संदर्भसूचीची फाइल धरून. लेबलांत (प्रकरण, आकृती यांचा उल्लेख करता यावा म्हणून दिलेल्या खुणांच्या नावांत) मराठी असेल तर लेबल आणि त्याचा उल्लेख दोन्हींत बदल झालाय ना, ते बघा. रेगेक्स, म्हणजे नमुन्याने शोधायची सोय, चालू असेल तर शोधातली उलटी तिरकी रेघ दोनदा टाकायची.

प्रबंध देण्याआधी पीडीएफमध्ये एक शोध मात्र जरूर घ्या: लागोपाठ दोन प्रश्नचिन्हं. न जुळलेल्या प्रत्येक लेबलाच्या उल्लेखाच्या जागी पानावर तीच छापली जातात. न सापडलेल्या ग्रंथसंदर्भाच्या जागी साधारणपणे चौकटी कंसात एकच प्रश्नचिन्ह येतं, तेही वेगळं शोधा.